१६८ तासांची वीणा : गावचं भजनी मंडळ बांधण्यापासून सप्ताहाच्या काल्यापर्यंत

सात दिवस गुणिले चोवीस म्हणजे १६८ तास. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा एकदा गळ्यात चढली की एवढे तास ती जमिनीला टेकायची नाही आणि नामही थांबायचं नाही. कीर्तनकार रोज दोन तास येतात, प्रवचनकार तासभर. बाकीचे तास गावच्या माणसांनी पाळीपाळीनं वीणा-टाळ घेऊन उभं राहून काढायचे असतात, त्या पाळीला पहारा म्हणतात. म्हणून सप्ताह करायचं मनात घेतलेल्या प्रत्येक गावाला मी पहिल्यांदा एकच विचारतो, पहाऱ्याला माणसं किती आहेत? मंडप, महाप्रसाद, नावाजलेल्या महाराजांची तारीख हे सगळं पैशांनी होतं. रात्री २ ते ४ चा पहारा पैशांनी होत नाही.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. तीस वर्षांहून जास्त काळ गावच्या मंडळात टाळ धरतोय. गेल्या काही वर्षांत आसपासच्या गावांतली पोरं येऊन विचारतात, आमच्याकडं सप्ताह बंद पडलाय, पुन्हा कसा उभा करायचा? त्यांना तोंडी जे सांगत आलो ते इथं सविस्तर लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मंडळांना ते जसंच्या तसं वापरता येईल.

आपल्या भागाचं या परंपरेशी नातं फार जुनं आहे. माउलींच्या पालखीपुढं रिंगणात धावणारे अश्व दरवर्षी चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून, चालत आळंदीला जातात. आणि विठ्ठलाला ‘कानडा’ म्हणणारे खुद्द ज्ञानेश्वर. भाषेची कुंपणं १९५६ सालच्या राज्य पुनर्रचनेत पडली, टाळ त्याच्या कितीतरी आधीपासून वाजतोय.

आधी मंडळ, मग सप्ताह

बरीच गावं उलटं करतात. सप्ताहाची तारीख ठरते, पत्रिका छापल्या जातात, आणि मग टाळकऱ्यांची शोधाशोध सुरू होते. मंडळ वर्षभर बसत नसेल तर त्या वर्षी सप्ताह धरू नका. निदान नऊ महिने आठवड्यातून दोनदा भजनाला बसा, मग तारीख बघा.

सुरुवातीला दहा-बारा माणसं पुरतात. त्यात एक पखवाज वाजवणारा, एक पेटीवाला आणि चाली येणारे दोघे तरी हवेत. दोघे अशासाठी की एकच चालकार असला तर त्याच्या घरी लग्नकार्य निघालं की भजन बंद. बसायचे वार ठरलेले असावेत. आमच्याकडं सोमवार आणि गुरुवार, रात्री साडेआठ ते दहा. एकादशीचं जागरण वेगळं. वेळ पाळण्यासाठी एकच नियम करा : साडेआठला जे हजर असतील त्यांनी नमन धरायचं, मग चौघं असोत की चौदा. वाट बघत बसणारं मंडळ सहा महिन्यांत मोडतं, हे मी तीन गावांत बघितलंय.

शेतीचं वेळापत्रक डोळ्यांपुढं ठेवा. आमच्याकडं आषाढात भातलावणीची धांदल असते, गुडघाभर चिखलातून घरी आलेल्या माणसाला रात्री टाळ धर म्हणणं अन्याय आहे. त्या महिन्यात आठवड्यातून एकदाच बसतो. पावसाळा सरला की कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा असतो, आणि नव्या माणसाला घडवायला त्यासारखी शाळा नाही. महिनाभर रोज तेच अभंग, त्याच क्रमानं. पुस्तक न उघडता महिन्याच्या शेवटी पोरं तोंडपाठ म्हणतात.

हरिपाठाचं पाठांतर हा पाया. ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाचे २७ अभंग, बऱ्याच पोथ्यांत फलश्रुतीचा धरून २८. महिन्याला तीन अभंग धरले तर नऊ महिन्यांत २७ होतात, नऊ महिने म्हटलं ते याच हिशोबानं. नवे तीन शिकवताना जुने सगळे एकदा म्हणायचे, नाहीतर पुढचं पाठ आणि मागचं सपाट होतं.

सीमाभागात एक अडचण वेगळी आहे आणि ती मोकळेपणानं बोलली पाहिजे. मंडळात येणारी अर्धी पोरं आता कानडी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, वाचायला अडखळतात. हिंदीमुळं देवनागरी ओळखतात, पण ओवीतली जोडाक्षरं आली की गप्प होतात. त्यांच्यासाठी मोठ्या टायपात, पदच्छेद करून, एका पानावर एकच अभंग अशी वही करा. झेरॉक्स काढायला फार खर्च येत नाही. गंमत अशी की कानडी शाळेतल्या पोरांचा ‘ळ’ खणखणीत असतो, कारण कानडीत तो आहेच. इंग्रजी शाळेतल्या पोरांचा ‘ळ’ मात्र बसून घासावा लागतो. आमच्या हरिपाठात तिसऱ्या रांगेतला एक मुलगा वहीत कानडी लिपीत अभंग लिहून आणतो आणि मराठी बिनचूक म्हणतो. त्याला कुणी अडवू नये. गळ्यात बसलं की लिपीचं काम संपतं.

पट्टी : इथं घाई केली तर वर्षभर गळे बसतात

पट्टी म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीला सा धरायचा ते. बहुतेक मंडळांत ती ठरते मुख्य गायकाच्या गळ्यावर. त्याचा आवाज काळी तीनला, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीला, खुलतो, म्हणून सगळे काळी तीन. तासाभरानं मागचे वीसजण नुसते ओठ हलवत असतात. समूहाची पट्टी समूहाच्या गळ्यावर ठरवायची असते.

ती अशी ठरवा. हरिपाठाची तुमची नेहमीची चाल घ्या. पेटीवर काळी एकला सा धरून दोन अभंग सगळ्यांकडून म्हणून घ्या. मग काळी दोन, मग पांढरी चार. गायकाकडं बघू नका, शेवटच्या रांगेकडं बघा. चालीतल्या सगळ्यांत वरच्या जागेला तिथं माना वर होऊ लागल्या, कपाळावर आठ्या आल्या, की पट्टी एक घर खाली आणा. उलट खालच्या जागेला आवाज नाहीसा होत असेल तर वर न्या. तिथंच पेटीवर खडूनं खूण करून ठेवा आणि सहा महिने ती हलवू नका.

बायका-पुरुष एकत्र म्हणणार असतील तर प्रश्न खरा अवघड होतो. पुरुषांना काळी एक-दोन सोयीची, बायकांना साधारण काळी चार-पाच. यावर जुना तोडगा आहे : पट्टी काळी एकच ठेवायची, आणि ज्या चाली फार वर जात नाहीत त्या मध्यमाला सा मानून म्हणायच्या. काळी एकचा मध्यम म्हणजे काळी तीन. पखवाज उतरवा-चढवायची गरज पडत नाही, बायकांना नेटका सूर मिळतो आणि पुरुषांना खालच्या अंगानं म्हणता येतं. दोन तासांच्या भजनात थोडे अभंग मूळ सा वर, थोडे मध्यमावर असं वाटून घेतलं की कुणाचाच घसा ताणत नाही.

एक गोष्ट तरुण गायकांसाठी. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व पुढं निर्गुणी भजनांसाठी देशभर ओळखले गेले. त्यांचं गाणं ऐकत मोठं झालेल्या पोराला अभंगात जागा घ्याव्याशा वाटणं साहजिक आहे. घ्या, पण गजर सुरू होण्याआधी, एकट्यानं म्हणायच्या ओळीत. टाळकऱ्यांनी उचलायची ओळ मात्र दर वेळी तशीच, सरळ टाकायची. मागच्यांना पुढची जागा कुठली हे कळलं नाही की उचल फाटते, आणि वीस माणसांची फाटलेली उचल एका सुंदर तानेनं शिवता येत नाही.

टाळ

टाळ सगळ्यांना सोपा वाटतो, म्हणून शिकवला जात नाही. भजन बिघडतं ते निम्म्या वेळा इथंच.

डाव्या हातातला टाळ स्थिर, उजवा वरून येणारा. दोन्ही तोंडं एकमेकांवर सपाट आपटली तर मध्ये हवा कोंडून ‘थप्प’ असा मुका आवाज येतो. उजवा किंचित सरकवून कडेवर कड पडू द्या, मग नाद सुटतो. दोरी बोटांना दोन वेढे देऊन घ्या, मूठ आवळू नका. आवळलेल्या मुठीनं अर्ध्या तासात मनगट भरून येतं. नव्या माणसाला पहिले दोन आठवडे तोंडानं काही म्हणू देऊ नका, फक्त टाळ. हात ठेक्यात आपोआप चालू लागला की गळा मोकळा होतो.

आठ मात्रांचा भजनी ठेका धरून रोज दहा मिनिटं नुसता टाळ आणि पखवाज. मग त्यावर ‘जय जय राम कृष्ण हरी’ हळू लयीत. या वेळी मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि पहिलं मिनिट आणि दहावं मिनिट एकापाठोपाठ ऐका. लय नकळत पळालेली असते, जवळजवळ प्रत्येक मंडळाची पळते. पळवणारा बहुधा सगळ्यांत उत्साही टाळकरी असतो. त्याला बाजूला काढू नका, पखवाजाच्या शेजारी उभा करा. महिन्याभरात त्याचा हात पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाच्या ठोक्याला, बांधला जातो.

रांगा समोरासमोर, मध्ये वीणा, एका टोकाला पखवाज. एका बाजूला बारा-चौदांहून जास्त माणसं उभी करू नका. रांग लांबली की शेवटच्याला पखवाज उशिरा ऐकू येतो आणि तो मागं पडतो. माणसं जास्त असतील तर एकामागं एक दोन ओळी करा. पावल्या, म्हणजे ठेक्यावरची पावलं, खेळताना नजर समोरच्याच्या पायांवर नको, वीणेकऱ्याच्या खांद्यावर ठेवा. खांदा वळला की सगळे वळतात.

पखवाज जपणं

खानापूर भागात पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तिथं चामड्याचं काय होणार? पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, ढिली पडते, सूर उतरतो. जून ते सप्टेंबर पखवाज देवळाच्या फरशीवर ठेवू नका, गवसणीत घालून उंचावर, चुलीच्या उबेच्या खोलीत टांगा. पण उन्हात वाळवायला नेऊ नका, पुडीवरच्या काळ्या शाईला भेगा जातात.

डाव्या तोंडाला लावायची कणीक मऊ मळलेली असावी, चपातीच्या कणकेपेक्षा सैल, बोट लावलं की हलकं चिकटेल अशी. ती भजन सुरू होण्याआधी दहा मिनिटं लावा आणि भजन संपल्याबरोबर खरवडून ओल्या फडक्यानं पुसा. ‘उद्या काढतो’ म्हणून राहिलेली कणीक रात्रीत वाळून चामडं ओढते, आणि तिच्या वासानं उंदीर येतात. आमचा एक चांगला पखवाज असाच गेला. सूर चढवताना वादीखालच्या लाकडी गट्ट्यांवर सगळीकडून थोडं थोडं ठोका, एकाच बाजूला नको. आणि जो पखवाज काळी एकसाठी बनवलाय त्याला काळी चारपर्यंत ताणायचा हट्ट धरू नका, पुडी फाटेल. वरची पट्टी हवी तर लहान तोंडाचा पखवाज वेगळा घ्या.

तारीख

आमच्या गावचा काला, म्हणजे सप्ताहाची सांगता, हनुमान जयंतीला, म्हणजे चैत्र पौर्णिमेला. पूर्ण १६८ तास हवेत म्हणून वीणा अष्टमीच्या सकाळी उभी करतो, नवमीला नाही. नवमीला धरली तर सहाच दिवस भरतात. तिथीचा क्षय-वृद्धी असेल त्या वर्षी कॅलेंडर समोर ठेवून दिवस मोजा, तिथी नव्हे. चैत्र आमच्या भागाला सोयीचा : सुगी उरकलेली, उसाची तोड संपत आलेली, शाळांच्या परीक्षा संपलेल्या किंवा संपत आलेल्या. अडचण एकच, वळीव. मंडपाच्या वर ताडपत्री लागतेच, आणि मंडप असा घाला की सोसाट्याचा वारा आला तर दहा मिनिटांत ग्रंथ आणि वीणा देवळात हलवता येतील.

शेजारच्या चार गावांच्या सप्ताहांच्या आणि यात्रांच्या तारखा आधी विचारा. तुमच्या जागराला, म्हणजे रात्रीच्या भजनाला, येणारी मंडळं तीच असतात. त्यांच्या सप्ताहाला तुम्ही गेला नसाल तर तुमच्याकडं कोण येणार? वर्षभरात निदान चार गावांत टाळ घेऊन जाऊन या, ही खरी निमंत्रणपत्रिका.

पहाऱ्याची यादी

आता मुख्य काम. दोन तासांचा एक पहारा धरला तर दिवसाचे १२ आणि सात दिवसांचे ८४. प्रत्येक पहाऱ्याला एक वीणेकरी आणि किमान चार टाळकरी, म्हणजे पाचजण. ८४ गुणिले ५ म्हणजे ४२० पाळ्या. गावात ६० माणसं तयार असतील तर प्रत्येकाला सात, म्हणजे रोज एक पहारा. चाळीसच असतील तर रोज दीड पहारा होतो, आणि चौथ्या दिवशी माणसं आजारी पडू लागतात. आकडा ४० च्या खाली असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे : या वर्षी तीन दिवसांचं पारायण करा. बरीच गावं तीन दिवसांचं करतात आणि ते मनापासून होतं. सात दिवसांचा हट्ट धरून रात्री टेपरेकॉर्डर लावण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

यादी करताना वयानुसार किंवा मानानुसार पाळ्या वाटू नका, माणसाच्या दिवसानुसार वाटा. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा फौंड्रीत दुसरी पाळी करून मध्यरात्री घरी येणाऱ्याला १२ ते २ चा पहारा सोयीचा असतो, तो तसाही लगेच झोपत नाही. आपल्याकडं मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालेली माणसं बहुतेक गावांत आहेत. त्यांना २ ते ४ द्या. रात्रीची ड्यूटी त्यांच्या अंगात मुरलेली असते आणि ते पाच मिनिटं आधी हजर असतात. दूध घालायला पहाटे उठणाऱ्यांना ४ ते ६. म्हाताऱ्या माणसांना दुपारी, पण उन्हाच्या वेळी देवळाच्या आत. बायकांना दिवसाचे पहारे द्याच, आणि नुसते टाळाचे नकोत, वीणाही द्या. काही ठिकाणी अजून यावर कुरबुर होते. मुक्ताबाई, जनाबाईंचे अभंग म्हणायचे आणि वीणा द्यायची नाही, हे मला पटत नाही. पंधरा वर्षांची पोरं संध्याकाळच्या पहाऱ्याला जोडीनं ठेवा, एका जाणत्याबरोबर.

यादी होळीच्या आधी पक्की करा, देवळाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा, आणि प्रत्येकाच्या तोंडून एकदा ‘हो’ म्हणवून घ्या. व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे होकार नव्हे.

हे मी का एवढं ताणून सांगतोय ते सांगतो. एका वर्षी २ ते ४ च्या पहाऱ्याला ज्यांची नावं होती त्यातला वीणेकरी अचानक गोव्याला कामावर गेला आणि कळवायचं राहून गेलं. १२ ते २ चे आमचे काका, साठी ओलांडलेले, वीणा घेऊन उभे होते. दोन वाजले, कुणी आलं नाही. टाळकरी पेंगले, एकेक करून भिंतीला टेकले. पावणेचारला मी काकड्यासाठी देवळात आलो तेव्हा दिव्याच्या उजेडात एकटे काका उभे. आवाज बसलेला, नुसते ओठ आणि बोट चालू, तार मात्र वाजत होती. डाव्या खांद्यावर वीणेच्या पट्ट्याचा लाल वळ उठलेला. मी म्हटलं, काका, कुणाला तरी उठवायचं होतं. ते म्हणाले, “वीणा ठेवून जाऊ कुठं की रे?”

त्या वर्षापासून आमच्याकडं दोन गोष्टी पक्क्या. प्रत्येक पहाऱ्याला पाचांच्या वर एक राखीव नाव, त्याचं घर देवळापासून हाकेच्या अंतरावर हवं. आणि प्रत्येक रात्रीला एक ‘उठवणारा’ : तो पहारा करत नाही, फक्त पुढच्या पाचजणांना अर्धा तास आधी दारावर थाप मारून उठवतो. फोन नव्हे, थाप. रात्रीच्या चहाचं काम रोज एका घरानं घ्यावं, साडेबाराला आणि अडीचला.

वीणा बदलायची रीतही नव्यांना शिकवा. येणारा आधी पाय धुऊन येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि पट्टा एकाच्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात जातो. या सगळ्यात नाम तुटायचं नाही. येणाऱ्यानं आधी गजर धरायचा, मग जाणाऱ्यानं थांबायचं. रंगीत तालमीत हे दहा वेळा करून घ्या.

दिवस कसा लावायचा

पहाटे ४ ते ६ काकडा. ७ ते ११ किंवा १२ पारायण. दुपारी बायकांची भजनं आणि गाथ्यावरचं भजन. ४ ते ५ प्रवचन, संध्याकाळी ६ ते ७ हरिपाठ, जेवणं उरकून ८ ते १० कीर्तन, त्यानंतर जागर. कीर्तन दहाच्या आत आटोपलंच पाहिजे, कारण ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. जागर आणि काकडा स्पीकरशिवायच करा. पहाटेचा टाळ-मृदंग तसाच कानाला गोड लागतो आणि आजारी माणसांची, परीक्षा राहिलेल्या पोरांची झोप मोडत नाही.

पारायणात ओव्यांचा हिशोब आधी घाला. ज्ञानेश्वरीत अठरा अध्याय आणि सुमारे नऊ हजार ओव्या, पण अध्याय सारखे नाहीत. पाचव्यात १८० आणि अठराव्यात सुमारे १,८१०. रोज अडीच अध्याय असं वाटलं तर शेवटी दम लागतो. आमची वाटणी अशी : पहिल्या दिवशी १ ते ४, दुसऱ्या दिवशी ५ ते ८, तिसऱ्या दिवशी ९ ते ११, चौथ्या दिवशी १२ आणि १३, पाचव्या दिवशी १४ ते १६, सहाव्या दिवशी १७ आणि अठराव्याचा पूर्वार्ध, सातव्या दिवशी अठराव्याचा उरलेला भाग. तिसरा दिवस सगळ्यांत जड, जवळपास १,५८० ओव्या. एका ओवीला दहा सेकंद धरले तर साडेचार तासांच्या आसपास. त्या दिवशी अर्धा तास आधी बसा आणि मध्ये ताकाची एक सुट्टी घ्या. सातवा दिवस हलका, नऊशेच्या आसपास, कारण संध्याकाळी ग्रंथदिंडी गावातून फिरवायची असते. व्यासपीठचालकानं, म्हणजे पुढं बसून वाचन चालवणाऱ्यानं, वेग धरावा तो सगळ्यांत हळू वाचणाऱ्या आजींचा. प्रतींमध्ये ओव्या थोड्या मागंपुढं असतात, म्हणून सगळ्या वाचकांना एकाच प्रकाशनाची ज्ञानेश्वरी द्या.

जागराच्या सहा-सात रात्री बाहेरच्या मंडळांना वाटून द्या, आणि त्यातली एक कानडी भजनी मंडळाला. कानडी संतकवींपैकी पुरंदरदासांची पदं त्याच विठ्ठलाची आहेत, कनकदासांची त्याच विष्णूच्या आदिकेशव रूपाची. आमच्याकडं पलीकडच्या गावचे भजनी येतात. त्यांचा ठेका आपल्या टाळकऱ्यांना पाच मिनिटांत सापडतो, मग रात्रभर कोण कुठल्या भाषेत उचलतंय ते कळत नाही. त्या रात्री देऊळ सगळ्यांत भरलेलं असतं.

परवानगी, वीज, माइक

पोलीस ठाण्याचा अर्ज महिनाभर आधी द्या, कानडीत द्या, पोच घ्या. गावातल्या कानडी शाळेच्या गुरुजींकडून एकदा मजकूर लिहून घेतला की दरवर्षी तारीख बदलून चालतो. ग्रामपंचायतीला पाण्याच्या टँकरचं आणि हेस्कॉम या वीज कंपनीला तात्पुरत्या कनेक्शनचं पत्र त्याच वेळी. तारेवर आकडा टाकू नका, मंडप कापडाचा असतो.

माइकबद्दल माझं मत पक्कं आहे. टाळकऱ्यांना माइक लागत नाही. गायकाला एक, पखवाजाला एक, आणि दोन रांगांच्या मध्ये डोक्याच्या वर टांगलेला एक, बास. स्पीकरची तोंडं गाणाऱ्यांच्या पुढं, श्रोत्यांकडं असू द्या, मागं ठेवलीत तर शिट्टी मारणार. आणि स्पीकरवाल्याला पहिल्या दिवशीच सांगा, एको बंद. त्यात अभंगाचे शब्द विरघळतात.

पैसा आणि पंगत

वर्गणी घराला सारखी ठेवा, ज्याला जास्त द्यायचं तो धान्य देईल. जमा-खर्च रोज संध्याकाळी देवळाच्या फळ्यावर खडूनं लिहा. कीर्तनकारांच्या सात दिवसांपैकी दोन दिवस तरी आपल्याच तालुक्यातल्या, नव्यानं उभ्या राहणाऱ्या माणसाला द्या. उरलेले पैसे टाळांच्या चार जोड्यांना आणि पुडी बदलायला लावा. काल्याच्या दिवशीच्या महाप्रसादाला शंभर पानांमागं दहा-बारा किलो तांदूळ आणि तीनेक किलो तूरडाळ असा आमचा अंदाज आहे, सोबत गव्हाची खीर. इतर दिवशी घरोघरच्या भाकऱ्या आणि देवळात एकच आमटी. स्वयंपाकाला भाड्यानं आचारी आणू शकता, पण वाढायला गावचीच पोरं हवीत.

काला

आठव्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन, दहीहंडी, मग पंगत. वीणा काल्यानंतरच उतरते. शेवटचा पहारा कुणाला द्यायचा हे आम्ही चिठ्ठी टाकून ठरवतो, म्हणजे मानापमान होत नाही. उतरवताना सगळे टाळ एकदम थांबतात. सात दिवस कानात असलेला आवाज थांबल्यावर देवळात कबुतरांचे पंख ऐकू येतात.

त्याच दुपारी, पंगत उठल्यावर, पाचजणांनी थांबायचं. वीणेच्या तारा सैल करून ती गवसणीत घालायची. टाळांच्या जोड्या मोजून दोऱ्या तपासायच्या, झिजलेल्या त्याच दिवशी बदलायच्या. पखवाजाची कणीक खरवडून पुसायची. पहाऱ्याची यादी भिंतीवरून उतरवून वहीत चिकटवायची, आणि प्रत्येक नावापुढं लिहायचं : आला, उशिरा आला, दुसऱ्यासाठी उभा राहिला. पुढच्या वर्षीची यादी या तिसऱ्या खुणेच्या नावांपासून सुरू करायची. येत्या सोमवारी रात्री साडेआठला भजन आहेच.